नमुना क्रमांक अकरा

सव्वीस वर्षं फॉर्मलिन बदलतोय मी
सांग्याच्या हायर सेकंडरीत.
वास हातात इतका मुरलाय
की घरचं मांजर माझ्याकडे नुस्तं मागत नाही.

बरण्या ओळीनं:
स्पंज, रंध्रीय.
गांडूळ, वलयी.
तिसरी, मृदुकाय, मिटलेली ती मिटलेलीच.
कुर्ली, संधिपाद, एक नांगी गळून तळाशी.
तारामासा, कंटकचर्मी, पोर्तुगीज अक्षरातली चिठ्ठी
अजून पाठीला चिकटलेली, कुणी सोडवली नाही.
बेडूक. त्याला कणा आहे, असं पुस्तकात लिहिलंय.

लेबलं मी लिहितो.
यातलं शिकलो नाही काही, अक्षर बरं आहे म्हणून.

श्रावणातल्या चाचणीला
लुर्दिना मॅडमनी अकरा नंबरच्या ताटलीत पाव ठेवला होता,
चार दिवस ओला करून, काळी लव धरलेला.
रात्री उंदरानं नेला.
बुरशीसकट.
सकाळी नऊला ताटली रिकामी, साडेनऊला पोरं दारात.

मग आठवली सेजल वेळीप, नेत्रावळीची.
पहिल्या बसनं येते, पिशवीत अळमी,
कुंभ्याच्या पानांत शंभर-शंभरचे वाटे,
आई स्टँडवर बसते ती.
म्हटलं, एक दे गो, परीक्षेपुरतं.
म्हणाली, "नव्याण्णव कशी विकू? आई मोजते.
आणि काका, हात धुवा अगोदर."

धुतले. दोनदा.

तिची आई स्टँडवर बसते त्यालाही कारण आहे.
बाजारात सोपोवाल्याच्या वहीत रकाने दोन:
भाजी आणि नुस्तें.
भाजीवाल्या म्हणतात, हे मातीत लावलेलं नाही.
नुस्तेवाल्या हसतात नुसत्या.

अकराव्या ताटलीपुढं बाकीची पोरं
भराभर लिहून सरकली.
सेजल उभीच.
तिच्या पेपरात मी डोकावलो, डोकावू नये ते:
"सृष्टी: कवके.
अन्न: स्वतः करत नाही.
वस्ती: रोयण.
पेरते वाळवी, खुडतो आम्ही.
पहिलं अळमं सातेरीला ठेवायचं, रोयण तिची आहे."
शेवटच्या ओळीला मार्क नाहीत.
मॅडमनी ती खोडलीही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम म्हणाल्या,
कुर्लीचं कवच ज्याचं, त्याचीच अळम्याची भिंत,
कायटिन म्हणतात.
झाडांपेक्षा हे आपल्याला जवळचं, पासू.
कोबी लांबचा. अळमं चुलत घराण्यातलं.
मी डबा उघडत होतो. कोबीच होता.

रात्री बायकोला सांगितलं.
श्रावण पाळते ती, घरात सगळं शिवराक,
आणि चुलीवर तोणाक, अळम्यांचं.
डाव हातात तसाच धरून म्हणाली,
"रक्त येतं त्याला?"
नाही.
"तोंड आहे?"
नाही.
"पळतं?"
नाही. पण गो, झाडही नव्हे.
"मग वाढू की नको?"
वाढ म्हटलं.
इतकी सोपी चावी
मॅडमच्या पुस्तकात नाही.

बरणीत घालणार होतो ते,
बरणी पुसून ठेवली होती, लेबल सुकत होतं:
अळमी, कवके, सांगे तालुका.
पण घंटा झाल्यावर सेजल आली, हात पुढं.
दिलं.
पानात ठेवलं तिनं, दोरी पुन्हा बांधली,
शंभर पुरे झाले.
संध्याकाळी मडगावची एक गाडी थांबली स्टँडवर,
काच अर्धी खाली, भाव झाला,
नमुना क्रमांक अकरा गेला,
कुणाच्या तरी वाटपात, खोबऱ्याबरोबर.

कपाटात दहाव्या आणि बाराव्या बरणीमध्ये
एक बोट जागा राहिलीय.
लेबल माझ्या खिशात होतं,
बायकोनं सदऱ्याबरोबर धुतलं.
शाई गेली.
"सांगे" तेवढं वाचता येतं.